पिकअपमागे जड ट्रेलर: अंगणातल्या तयारीपासून घाटउतारापर्यंत

पिकअपमागे ट्रेलर लावणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी माल भरतात, मग चार माणसं लावून ट्रेलर हुकावर चढवतात, हवा वाटेतल्या पंपावर बघतात आणि ब्रेकची आठवण थेट घाटाच्या तोंडाशी येते. डिझेल पिकअपला खालच्या आरपीएमलाच जोर असतो. दीड टन मागे लावला तरी सपाटीवर गाडी कुरकुरत नाही, आणि माणूस तिथेच फसतो. ओढायला इंजिन पुरतं. थांबवायला ब्रेक, टायर, जोडणी आणि मालाची मांडणी लागते, आणि इंजिन कितीही दणकट असलं तरी त्यातलं काहीच सुधारत नाही.

खालचा क्रम मधे एक किंवा दोन आस असलेल्या ट्रेलरसाठी आहे: बोटीचा, जनरेटरचा, चिरे-रेती वाहायचा, पॉवर टिलर न्यायचा. ट्रॅक्टरची ट्रॉली पिकअपला लावायचा विचार असेल तर तो सोडा. ती कमी वेगासाठी बनवलेली असते आणि बहुतेकींना स्वतःचे ब्रेक नसतात.

## १. कागद आणि कंपनीचा आकडा

गाडीचं मॅन्युअल उघडा आणि ट्रेलरसाठी किती वजन दिलंय ते शोधा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक आकडा असतो, नसतील तर दुसरा, आणि हा दुसरा बराच लहान असतो. मॅन्युअलमध्ये काहीच नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा. आकडा मिळत नसेल तर त्या गाडीला जड ट्रेलर लावायचा नाही. त्याच नावाची गाडी परदेशात साडेतीन टन ओढताना व्हिडिओत दिसते, पण तिथला हूक, ट्रेलरचे ब्रेक आणि मॉडेलही वेगळं असतं. तो आकडा इथे चालत नाही.

मग आरसी बघा. गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन दोन्ही त्यात असतात. त्यांतला फरक म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर पेलू शकते तो भार. ट्रेलरच्या नाकाचा जेवढा दाब हुकावर येतो तोही याच भारातून वजा होतो, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. समजा हा फरक १३०० किलो आहे. ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून १४० किलो, हुकावरचा दाब १८० किलो. हौद्यात उरले ९८० किलो. हौदा पूर्ण १३०० किलोने भरून वर ट्रेलर लावला तर मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फसवं लागतं.

ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू आहेत, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसावा लागतो. विम्याच्या कागदात ट्रेलरचा उल्लेख आहे का ते निघण्याआधी कंपनीला विचारून लेखी घ्या. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नाही.

## २. वजन आधी कागदावर मांडा

अंदाजाने वजन सांगणारा माणूस जवळजवळ नेहमीच कमी सांगतो. काही आकडे हाताशी ठेवा.

जांभ्याचा चिरा मापाप्रमाणे बदलतो, पण साधारण ३० किलो धरा. भिजलेला आणखी जड. म्हणजे चाळीस चिरे बाराशे किलो, आणि चाळीस चिऱ्यांचा ढीग डोळ्यांना अगदीच किरकोळ दिसतो. रेतीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ओली असेल तर त्याचं वजन साडेचार ते पाच टनांच्या घरात जातं, त्यामुळे ‘अर्धाच ब्रास आहे’ म्हणणाऱ्याच्या मागे दोन टनांहून जास्त लोढणं असतं. पाण्याची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, आणि अर्धी भरलेली असेल तर आतलं पाणी हिंदकळून ट्रेलरला झोके देतं. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी न्या.

बोटीच्या बाबतीत नुसत्या सांगाड्याचं वजन धरून चालत नाही. चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन ७५ ते १०० किलोचं असतं, १०० लिटर पेट्रोल ७५ किलो, वर नांगर, दोर, बॅटरी, लाईफ जॅकेट. बोट पावसात उघडी पडली असेल तर तळात साचलेलं पाणी वेगळंच. निघण्याआधी बूच काढून ते वाहू द्या.

या सगळ्यात ट्रेलरचं रिकामं वजन मिळवा. युरोपात ७५० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे घाट आहेत, पाऊस आहे, लाल मातीने माखलेले रस्ते आहेत. माझ्या मते ती मर्यादा इथे आणखी कडकपणे पाळावी. बेरीज ७५० च्या वर गेली आणि ट्रेलरला ब्रेक नसतील तर माल दोन खेपांत न्या किंवा टेम्पो बोलवा.

## ३. हूक, कप्लर, साखळ्या

हूक चॅसीला बोल्टने बसवलेला हवा. मागच्या बंपरला वेल्डिंग करून लावलेला हूक बंद पडलेली दुचाकी ओढत आणायलाही नको. बोल्ट कोणत्या प्रतीचे आहेत ते त्यांच्या डोक्यावर कोरलेलं असतं. ८.८ किंवा त्याहून वरचे घ्या. कसून झाल्यावर नट आणि बोल्टवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट सरकला.

हुकावरचा गोळा आणि त्यावर बसणारी ट्रेलरच्या नाकाची वाटी, म्हणजे कप्लर, हे दोन्ही एकाच मापाचे हवेत. बाजारात ५० मिलिमीटरचा गोळा मिळतो आणि २ इंचाचाही. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. हातात घेतल्यावर फरक कळत नाही, पण २ इंचाच्या कप्लरमध्ये ५० चा गोळा सैल बसतो आणि मोठ्या खड्ड्यात उसळून सुटू शकतो. बाहेरून आणलेल्या जुन्या बोटीच्या ट्रेलरवर हे हमखास आढळतं. माप दोन्ही भागांवर कोरलेलं असतं. गंजाने बुजलं असेल तर तारेच्या ब्रशने घासा आणि वाचा.

साखळ्या दोन हव्यात, प्रत्येक साखळी ट्रेलरचं पूर्ण भरलेलं वजन पेलणारी. त्या कप्लरखालून एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून चॅसीला अडकवा. कप्लर सुटला तर ट्रेलरचं नाक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं. वळण घेता येईल एवढी ढील ठेवा, पण रस्त्याला घासू देऊ नका. घासलेली कडी महिन्या-दोन महिन्यांत अर्धी होते.

ट्रेलरला ब्रेक असतील तर सुटल्यावर ब्रेक ओढणारी एक बारीक केबलही असते. ती गोळ्याच्या गळ्यात नुसती गुंडाळू नका, गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवा.

तपासा: साखळ्या, केबल आणि दिव्यांची वायर लावलेली असताना गाडी डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा. काही ताणलं जातंय का, काही घासतंय का?

## ४. ट्रेलर रिकामा असतानाच चाकं आणि ब्रेक बघा

माल भरल्यावर जॅक लावायचा कंटाळा येतो, म्हणून हे आधी.

एकेक चाक उचला आणि हाताने फिरवा. खरखर आवाज आला किंवा चाक धरून हलवल्यावर लचकलं तर बेअरिंग गेलं. किनाऱ्यावरच्या ट्रेलरचं बेअरिंग खारं पाणी खातं. लांबून आलेल्या ट्रेलरचा हब तापलेला असतो, तो थेट समुद्रात घातला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. बोटीच्या ट्रेलरचं ग्रीस म्हणूनच वर्षातून एकदा तरी पूर्ण काढून नवं भरावं. पावसाळ्यानंतर, हंगाम सुरू होण्याआधी, ही चांगली वेळ.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ट्रेलरच्या टायरची नक्षी झिजायच्या आत त्याच्या बाजूंना भेगा पडतात, कारण तो वर्षातले आठ महिने एकाच जागी उभा असतो. पाच-सहा वर्षांपुढचा आणि भेगाळलेला टायर बदला, नक्षी कितीही कोरी दिसो. हवा थंड टायरात भरा, आकडा टायरवर किंवा ट्रेलरच्या पट्टीवर दिलेला. पिकअपच्या मागच्या टायरांत भरलेल्या गाडीसाठीचा दाब ठेवा. स्टेपनी ट्रेलरचीही हवी. पिकअपची स्टेपनी ट्रेलरला बसत नाही हे बरेचदा निवळी घाटासारख्या उतारावर कळतं.

ब्रेक ओव्हररन जातीचे असतील, म्हणजे गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकून स्वतःचे ब्रेक दाबतो, तर पुढचा दांडा हाताने ढकलून बघा. तो गंजून अडकला असेल तर ब्रेक नाहीत असंच धरा. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर केबिनमधलं बटण दाबून चाक अडतंय का ते बघा. पिकअपचं ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि कोकणात ओलीची कमी नाही. ओल शिरलेलं ऑइल तापल्यावर आत वाफ होते आणि पायाखालचं पॅडल स्पंजासारखं दबतं.

दिवे लागत नसतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगची वायर घासा. खाऱ्या हवेत बहुतेक वेळा तीच गंजलेली असते. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा.

## ५. माल मांडणं आणि बांधणं

सगळ्यात जड वस्तू आसाच्या वर, किंचित पुढे, आणि तळाला. एकूण मालापैकी साधारण साठ टक्के आसाच्या पुढे यावा. चिरे भरताना आसापासून सुरुवात करा आणि पुढे-मागे वाढत जा. फळीच्या मागच्या टोकापासून भरत गेलात, आणि माणसं तसंच भरतात कारण मागून भरायला सोपं जातं, तर वजन मागे जमतं. मागे जड झालेला ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवू लागतो.

आंब्याच्या पेट्यांचं उलट. वजन कमी, उंची भरपूर. आरे-वारेसारख्या उघड्या किनारी रस्त्यावर वारा आडवा येतो आणि उंच ट्रेलर डोलतो. पेट्या रुंद पसरा, उंच रचू नका, ताडपत्री घट्ट ओढा.

बांधायला रॅचेट पट्टे वापरा. सुंभ आणि साधी नायलॉनची दोरी नको. सुंभ सुकल्यावर सैल पडतो, नायलॉन ओलं झालं की ताणतं. जोरात ब्रेक दाबल्यावर माल स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत जोराने पुढे झेपावू शकतो, म्हणून पुढे सरकण्याविरुद्ध अडसर जास्त हवा. शक्य असेल तिथे माल पुढच्या फळीला टेकवूनच रचा. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर मधे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

बोट ट्रेलरवर चढवायची विंच बोट धरून ठेवण्यासाठी नसते. पुढे वेगळी साखळी किंवा पट्टा, मागे दोन्ही बाजूंना पट्टे. इंजिन वर उचलून त्याचा स्वतःचा आधार लावा.

## ६. नाकावर किती वजन आलं ते मोजा

हे पाऊल लोक गाळतात, आणि ट्रेलर झुलतो तो यामुळेच. हुकावरचा दाब ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा. ट्रेलर आणि माल मिळून १५५० किलो असेल तर १५५ ते २३० किलो. बोटीच्या ट्रेलरला बनवणाऱ्याने कमी सांगितलं असेल तर ते धरा. हूक किती दाब पेलतो तो आकडा हुकावर असतो. त्याच्या वर कधीच नाही.

मोजायचं कसं? आंब्याच्या किंवा काजूच्या हंगामात शेजारी बागायतदाराकडे तीनशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतोच. ट्रेलर सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, नाक हुकाच्याच उंचीवर येईल असा लाकडी तुकडा काट्यावर ठेवा आणि नाक त्यावर टेकवा. तुकड्याचं वजन वजा करा.

घरातला माणसांचा काटाच असेल तर एक जाड फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मधलं अंतर तीन फूट. ट्रेलरचं नाक विटेपासून एक फुटावर टेकवा. काटा जेवढं दाखवेल त्याच्या तिप्पट खरं वजन. आधी नुसत्या फळीचा आकडा नोंदवून तो वजा करायला विसरू नका.

मोठा वजनकाटा जवळ असेल तर आणखी चांगलं. लोटे, मिरजोळे, कुडाळ अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास आणि खाणींच्या रस्त्यांवर काटे मिळतात. आधी नुसती पिकअप काट्यावर घ्या. मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर आणि ट्रेलरची बाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा दाब. शेवटी सगळंच वर घ्या, एकूण वजन कळेल.

सावधान: दाब कमी आला म्हणून हौद्यात दगड टाकून उपयोग नाही. ट्रेलरवरचा माल पुढे सरकवा. जास्त आला तर मागे.

## ७. जोडायचा क्रम

ट्रेलरच्या चाकांना ठोकळे. पिकअप मागे घ्या, नाक गोळ्यावर उतरवा, कप्लर लॉक करा, पिन घाला. आता जॉकी व्हील (नाकाखालचं आधाराचं चाक) फिरवून नाक वर उचला. गाडीचा मागचा भाग नाकासोबत एक-दोन इंच वर आला म्हणजे लॉक बसलं. नाक एकटंच वर आलं तर कप्लर गोळ्यावर नुसता टेकला होता. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि घाईत तीच सुटते.

मग साखळ्या, केबल, दिव्यांची वायर, जॉकी व्हील पूर्ण वर आणि घट्ट. चाकांचे ठोकळे शेवटी काढा आणि गाडीत टाका, अंगणात विसरू नका.

ट्रेलर बाजूने बघा. तो सपाट किंवा नाकाकडे किंचित झुकलेला असावा. पिकअपचं पुढचं मडगार्ड ट्रेलर लावण्याआधी आणि नंतर जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. पुढचा भाग दोन इंच उचलला गेला असेल तर वजन चुकलंय. रात्री तुमचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील ते वेगळंच.

## ८. पहिले काही किलोमीटर

मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० ला ब्रेक दाबून बघा, मग ३० ला. ट्रेलर मागून धडक देतोय असं वाटलं तर त्याचे ब्रेक कमी लागतायत. चाकं अडून घसरली तर जास्त.

पाच-सहा किलोमीटरवर थांबा. पट्टे पुन्हा आवळा, माल बसल्यावर ते सैल होतातच. चाकांचे नट बघा. हबजवळ हाताची मागची बाजू न्या, थेट तळवा ठेवू नका. एक हब बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग कोरडं आहे. पुढे जाऊ नका.

ट्रेलर झुलायला लागला तर काय करायचं, हे आताच डोक्यात बसवा: अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, पायाचा ब्रेक जोरात दाबू नका, आणि झोक्याच्या विरुद्ध स्टिअरिंग मारू नका. ट्रेलरचे ब्रेक वेगळे दाबायची सोय असेल तर तेवढेच हलके दाबा. वेग वाढवून झोका निघतो हे ऐकीव आहे, करू नका. गाडी थांबली की माल पुढे सरकवा. झोका थांबला म्हणून तसंच पुढे निघालात तर पुढच्या उतारावर तो पुन्हा येईल.

## ९. चढ

चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर कमी करा. वरच्या गिअरमध्ये इंजिन धडधडत ओढत नेलं तर क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिन तिन्हींवर ताण येतो. डिझेल साधारण १५०० ते २५०० आरपीएममध्ये ठेवा. टेम्परेचरचा काटा चढू लागला तर एसी बंद, गिअर आणखी खाली, वेग कमी. तरी चढला तर बाजूला थांबा, इंजिन चालूच ठेवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

चढावर पुन्हा सुटताना हँडब्रेक ओढून सुटा. क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवण्याची सवय ट्रेलर मागे असताना क्लच प्लेट जाळते. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत लो रेंज असेल तर तीव्र चढावर ती लावा. ओल्या-सुक्या डांबरी रस्त्याच्या वळणांवर मात्र ती काढून टाका.

माथ्यावर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. दोन-तीन मिनिटं सोडून द्या, टर्बो थंड होऊ दे. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत धुराच्या फिल्टरचा दिवा लागला तर मॅन्युअलप्रमाणे गाडी चालती ठेवा. फिल्टर साफ होत असताना मधेच इंजिन बंद करत राहिलात तर तो तुंबतो.

## १०. उतार

देशावरून कोकणात येणारा माल घाट उतरून येतो. आंबा, कुंभार्ली, करूळ, फोंडा, आंबोली, कुठूनही या. भरलेला ट्रेलर आणि किलोमीटरच्या किलोमीटर उतार, ही जोडी सगळ्यात धोक्याची.

माथ्यावर थांबा. चहा प्या, हरकत नाही, पण आधी चाकं, पट्टे आणि कप्लर बघा आणि मगच चहा. मग उतरायला लागण्याआधी गिअर ठरवा: हाच घाट चढताना जो गिअर लागला असता, त्यापेक्षा एक खाली. उतारात गिअर उतरवायचा प्रयत्न केला आणि तो बसला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, आणि मागून दीड टन ढकलत असतो.

सावधान: डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची सवय कित्येक जुन्या ड्रायव्हरांना आहे. ट्रेलर मागे असताना ती जिवावर बेतेल.

ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वेग ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की ठाम दाबा, ताशी दहा-एक किलोमीटर कमी करा आणि पाय पूर्ण काढा. दोन दाबांच्या मधे ब्रेक थंड होतात. ओव्हररन ब्रेकचा ट्रेलर लांब उतारावर सतत गाडीला ढकलतो, म्हणजे त्याचे ब्रेक सतत लागलेले असतात आणि तापतात. अशा ट्रेलरसाठी घाटात मधे थांबे घ्या, रुंद जागी.

ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नाही. केसाच्या पिनेसारख्या वळणावर ट्रेलरची चाकं आतून कापत जातात. दरीची बाजू आत असेल तर कठड्याला घासतील, डोंगराची बाजू आत असेल तर गटारात उतरतील. समोरून एसटी येत नाही ना ते बघून थोडं बाहेरून घ्या. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ देण्याचा नियम आहे, म्हणून उतरताना थांबायच्या जागा तुम्ही हेरत चला.

पॅडल मऊ पडलं, जळका वास आला, धूर दिसला तर लगेच थांबा. गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ताणून ठेवू नका, आणि पाणी तर मुळीच ओतू नका, तापलेलं लोखंड तडकतं. अर्धा तास बसा. कुणी हॉर्न मारला तरी बसा.

पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का याची चौकशी करा. वरंध घाटासारखे रस्ते जड वाहनांना बंद ठेवण्याचे आदेश निघतात, परशुराम घाटात दरड येते. कशेडीला बोगद्यातून जाता येतं, त्यामुळे तिथला जुना घाट ट्रेलर घेऊन चढायचं कारण उरलेलं नाही. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीशी अंतर दुपटीने ठेवा आणि रात्री वेग आणखी उतरवा. गुरं रस्त्यावर बसलेली असतात आणि तुम्ही पटकन वळू शकत नाही.

## ११. वाडीतली वाट, रिव्हर्स आणि जंगलजेटी

वाडीतल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गडगे असतात. शिरण्याआधी उतरून चालत जाऊन या: पुढे ट्रेलर वळवायला जागा आहे का? नसेल तर रिव्हर्समध्ये आत जाणं बाहेर येण्यापेक्षा बरं, कारण तेव्हा तुम्ही ताजेतवाने असता आणि उजेड असतो.

रिव्हर्स करताना हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं तिकडेच हात न्या. थोडंसंच. ट्रेलर आणि गाडीत काटकोन व्हायला लागला की थांबा, पुढे या, सरळ करा. तसंच दाबत राहिलात तर ट्रेलरचा दांडा हौद्याच्या कोपऱ्यात शिरतो. ओव्हररन ब्रेकच्या काही ट्रेलरना मागे घेण्याआधी एक खिट्टी लावावी लागते, नाहीतर ट्रेलर जागचा हलत नाही. काम झाल्यावर ती काढा.

मागे उभा राहून सांगणारा माणूस एकच असू दे. गावात गाडी मागे घ्यायला लागलं की पाच जण ‘येऊ दे, येऊ दे’ करतात आणि सहावा ‘थांब’ म्हणतो. तुमचा माणूस ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असा उभा करा. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबवा.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडले, दिघी-आगरदांडा अशा जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडणार असाल तर रांगेत लागण्याआधीच ट्रेलरची लांबी सांगा. ओहोटीला फळीचा कोन तीव्र होतो. जॉकी व्हील आणि कप्लर तिथे खाली घासतात. शक्य असेल तर भरतीच्या आसपासची फेरी घ्या. बोटीवर हँडब्रेक, गिअर आणि ट्रेलरला ठोकळे.

## १२. बोट पाण्यात सोडायची असेल तर

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. रॅम्पच्या टोकाला शेवाळ असतं. ओहोटीला तिथवर गेलात तर मागची चाकं गरगर फिरतील. पाणी रॅम्पच्या कोरड्या, खडबडीत भागापर्यंत आल्यावर काम करा.

धक्क्यावर आधी वाट बघा, हब थंड होऊ द्या. दिव्यांची वायर काढा, तापलेला बल्ब पाण्यात फुटतो. बोटीचं बूच लावा. मागचे पट्टे सोडा, पुढचा शेवटी. पिकअपची मागची चाकं पाण्यात जायची वेळ येत असेल तर ट्रेलर सोडून लांब दोराने उतरवा आणि गाडी कोरड्यावर ठेवा.

पुळणीवर गाडी नेणं टाळाच. कोरडी वाळू चाक गिळते, आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. वाळूत हवा कमी करून निघालात तर डांबरी रस्त्यावर चढण्याआधी ती पुन्हा भरा.

## १३. परतल्यावर

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा: हब, पाटे, ब्रेकचे ड्रम, कप्लर, साखळ्या, विंच. उद्यावर टाकलंत तर मीठ सुकून आत बसतं. गोळ्याला ग्रीस लावून जुन्या चेंडूने झाका. पट्टे सावलीत वाळवा, उन्हात त्यांचा धागा कुजतो.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि त्या सुमाराला ट्रेलरही पडवीला लागतो. तेव्हा तो ठोकळ्यांवर उचलून ठेवा म्हणजे टायरांवर भार राहणार नाही, नाक किंचित उंच ठेवा म्हणजे पाणी मागे वाहून जाईल, आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका. चार महिन्यांत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात आणि गणपतीनंतर पहिल्या खेपेला चाकच फिरत नाही.